गडगडाटाआधी

हार्लनने शिकारीला बोलावलं तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं? बाबांचा डोंगर लाकूड कंपनीला विकायला तो टपलेला, आणि माझ्या सहीशिवाय त्याचं घोडं अडलेलं. मी मेले तर मात्र डोंगर सगळा त्याचाच. वर्षभर बोलणं नाही, आणि आता अचानक, "लिओटा, येतेस का? रानटर्की पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम संपत आला."

गेले. डोंगर माझाही आहे.

मिसूरीतल्या एप्रिलच्या हवेचा काही भरवसा नाही. निघालो तेव्हा धुकं, ओढा ओलांडेपर्यंत उकाडा, आणि माथ्यावर पोचलो तर पश्चिमेला आभाळ काळंभोर. एका ओकच्या बुंध्याला टेकून दोघं शेजारी बसलो, दुनळी बंदुका मांडीवर. नराला भुलवायला हार्लनने लाकडी पेटीवर पट्टी घासून टर्कीच्या मादीचा आवाज काढला.

"बाबांसारखं नाही जमत तुला," मी म्हटलं.

"तू आलीस ना बोलावल्यावर? मग जमतं."

खालच्या दरीत नर आरवला. पाठोपाठ ढग गडगडले.

गडगडाट झाला की नर टर्की आरवतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. दार आपटलं तरी आरवतो. पण आधी आवाज, मग उत्तर. हे उलटंच झालं. त्याला वीज दिसली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सर आली, गेली. तो पुन्हा आरवला, जवळून. मग खाली रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचं दार आपटलं.

"हार्लन, चाळे पुरे."

"मी कुठे काय केलं? मला वाटलं तूच."

मी त्याच्या ओठांकडे बघत बसले. तो माझ्या. आरवणं आलं, आणखी जवळून. दोघांचीही तोंडं मिटलेली होती. क्षणभराने समोरची वाळकी फांदी कडाडून कोसळली.

मला भीती वाटली. खरंच वाटली.

मग वारा पडला. ढग पांगून ऊन आलं.

समोरच्या ओंडक्यामागे तो आरवला. तिथलं पानही हललं नाही.

आम्ही वाट पाहिली. आभाळ निरभ्र, रस्ता रिकामा. मोठा आवाज करतील अशा दोनच वस्तू आता डोंगरावर होत्या, आणि त्या आमच्या मांडीवर होत्या.

हार्लनचा चेहरा पांढरा पडला. त्यालाही तेच सुचलं होतं.

"काडतुसं काढ," तो हळूच म्हणाला.

"आधी तू."

 मग त्याने दुनळी उघडली आणि दोन्ही काडतुसं माझ्या तळहातावर ठेवली.

"घे. आता तू."

माझ्या दुसऱ्या हाताचं बोट चापावर कधी गेलं होतं, मला कळलंच नाही.