सोजरबाईच्या घरचा पंखा

सरकून बसा रे शेकोटीजवळ. हर्षदीप, तो मोबाईल ठेव खिशात. मैत्री, शाल घे अंगावर.

भूतबित आपल्या घरात कोणी मानत नाही. मीही नाही मानत. म्हणून मी याले भुताची गोष्ट म्हणत नाही, घडलेलं आहे तेवढं सांगतो. संघपाल तुमाले माहीत आहे. माझ्या साडूचा पोरगा, बोथ गावाले बसस्टँडच्या मागं ज्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हे त्याच्यावर गुजरलं. मागच्या आठवड्यात त्यानं माझ्याजवळ बसून सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्या तोंडाकडं पाह्यलं नाही.

गेल्या महिन्यातली सहा डिसेंबरची रात. शनिवार. सकाळी चौकात अभिवादन झालं, संघपालनं दिवसभर दुकान उघडलंच नाही. संध्याकाळी त्याले प्रणिताचा फोन आला. प्रणिता म्हणजे सोजरबाईची सून. तिचा नवरा सुरेंद्र घराच्या समोरच्या खोलीत लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचा. मागच्या हिवाळ्यात तो वारला. छातीचा आजार होता. चार महिने मधल्या खोलीत पडून होता आणि तिथंच गेला. त्याच्यामागं ते काम प्रणिता करून राह्यली होती. घरात दोघीच, सासू आणि सून.

फोनवर ती म्हणाली की कॉम्प्युटरचा पंखा इतका आवाज करते की गिऱ्हाईकाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि पेटी तापून मधीच बंद पडते. उद्या बरेच लोक यायचे आहेत. आजच पाहून द्या भाऊ.

संघपाल गेला. थंडी आजच्यासारखीच. रस्त्यावर कुत्रंसुदा नव्हतं. घराच्या फाटकापासूनच त्याले तो आवाज ऐकू आला. खर्र... खर्र... खर्र... दळण दळल्यासारखा.

सोजरबाई मधल्या खोलीच्या बंद दाराले पाठ लावून गोधडीवर बसली होती. त्याच्या हातात अवजारांची पिशवी पाहून तिनं विचारलं, तू काय करायले आला? पंखा नीट करायले, मावशी, असं तो म्हणाला. तशी ती म्हणे, "नोको करू. राहू दे तो आवाज."

प्रणितानं त्याले बाजूले घेऊन सांगितलं, मनावर घेऊ नका. वर्ष झालं, आत्याबाई रातीसुदा कॉम्प्युटर बंद करू देत नाहीत. आवाज नसला की झोप येत नाही म्हणतात. लाईट गेली की उठून बसतात आणि मोठमोठ्यानं भजन म्हणतात, लाईट येईपर्यंत. पोराच्या दुःखानं डोकं फिरलं त्यांचं.

संघपालले वाईट वाटलं. पण काम ते काम. त्यानं वायर काढली आणि मागच्या बाजूचा पॉवर सप्लायचा डब्बा बाहेर घेतला. त्या डब्ब्यात वायर काढल्यावरही करंट राहते, म्हणून तो जरा थांबला. तेवढ्या वेळात सोजरबाईनं भजन सुरू केलं. मोठ्यानं. घसा फाटेल इतक्या मोठ्यानं.

त्यानं डब्बा खोलला. पंख्यावर धुळीचा थर, केस, जाळं. ब्रशनं साफ केलं, पंख्यामागचा गोल कागद उचलून मशीनच्या तेलाचे थेंब सोडले, बोटानं पातं फिरवून पाह्यलं. लोण्यासारखं फिरलं. सगळं परत बसवून त्यानं बटण दाबलं.

पंखा फिरून राह्यला होता. हात लावला तर हवा लागत होती. आवाज... नाही. अजिबात नाही.

प्रणिता हसली. वर्षानंतर घर शांत झालं म्हणाली. म्हातारीचं भजन चालूच होतं. प्रणितानं जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, आत्याबाई, लाईट आहे, आता पुरे करा. म्हातारी खोकली. खोकला थांबेना. भजन तुटलं.

मग घर खरंच शांत झालं.

आणि त्या शांततेत... कोणीतरी श्वास घेत होतं.

संघपालले आधी वाटलं म्हातारीचाच असेल. पण म्हातारीनं तोंडावर पदर दाबून धरला होता. श्वास लांब होता. ओढल्यासारखा. आत जाताना शिट्टी वाजे, बाहेर येताना घरघर. मधी इतका वेळ थांबे की वाटे, झालं... संपलं. मग पुन्हा.

तो दाराच्या पलीकडून येत होता.

मधल्या खोलीले वर्षभर कोणी हात लावला नव्हता. बाहेरून कडी.

प्रणिताचं तोंड पांढरं पडलं. भ्यायली नव्हती ती. ओळखलं होतं तिनं. चार महिने रातभर तोच श्वास ऐकत ती जागली होती. एकच रात नव्हती... शेवटची. भावाकडं मुधोळले गेली होती, एका दिवसासाठी. सोजरबाईनं तिले सांगितलं होतं की तो झोपेतच गेला.

श्वास थांबला.

"प्र... णि... ता..."

संघपाल म्हणते, आवाज खाली होता. जमिनीजवळ.

प्रणितानं दाराकडं पाऊल टाकलं. तिचा हात कडीवर गेला. म्हातारीनं उठून तिचं मनगट धरलं, दुसरा हात तिच्या तोंडावर दाबला. "ओ देऊ नोको," ती म्हणाली. "तो रोज बोलावते. त्या रातीबी तुलेच बोलावत गेला. मी आई हावो त्याची, मले एक डाव हाक मारत नाही. तुलेच पाह्यजे त्याले. ओ देऊ नोको."

म्हणजे वर्षभर ती बाई त्या दाराले पाठ लावून का बसत होती, हे तुमच्या ध्यानात आलं ना? पोटचं पोर आत. आणि सून बाहेर. तिनं सुनेले धरलं.

"प्र... णिता..."

आता जवळ. दाराच्या फटीशी.

म्हातारीनं भजनासाठी तोंड उघडलं. आवाज फुटेना. प्रणिता झोंबून राह्यली होती. जवान बाई. म्हातारीचा हात सुटत चालला. कडी अर्धी सरकली.

सोजरबाईनं संघपालकडं पाह्यलं.

"बाबू... आवाज कर."

संघपालनं इकडंतिकडं पाह्यलं. टेबलावर पेनाची रिफिल पडली होती. ती त्यानं पेटीच्या मागच्या जाळीतून आत खुपसली. पातं रिफिलीवर आपटलं.

तडतडतडतड...

घर भरून गेलं. प्रणिता जागीच खाली बसली. म्हातारीनं कडी परत सरकवली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. हात ढिला पडला की रिफिल बाहेर येई, आणि तेवढ्या पळभरात... श्वास. म्हणून संघपालनं हात काढला नाही. गुडघ्यावर बसून, ती रिफिल दाबून. रातभर. प्रणिता रडली तेसुदा त्या आवाजाखाली.

उजाडलं. रस्त्यावर दूधवाल्याची गाडी वाजली, शेजारी नळाले पाणी आलं. त्यानं भीत भीत रिफिल काढली. काहीच नाही. नुसतं घर.

त्याच दिवशी दुपारच्या बसनं दोघी मुधोळले गेल्या, प्रणिताच्या भावाकडं. सोजरबाई आता तिथंच राहते, सुनेजवळ. झोपते म्हणे चांगली. घराले कुलूप आहे.

पण त्या दोघी कपडे बांधत होत्या तेव्हा संघपालनं ती कडी काढली. मी त्याले विचारलं, काऊन काढली रे? तो म्हणे, काका, नसती काढली तर जन्मभर मनात राह्यलं असतं की आत कोणी माणूस होता.

आत खाट होती, गुंडाळलेली गादी होती. खिडकी आतून बंद. वर्षाची धूळ खाली पसरली होती, चादर अंथरल्यासारखी. पाऊल नाही. उंदराचा मागसुदा नाही.

फक्त उंबऱ्याले लागून, दाराच्या फटीसमोर, ताटाएवढी अर्धगोल जागा साफ होती. तिथली धूळ फुंकर मारून बाजूले सारल्यासारखी कडेले गोळा झाली होती.

संघपालनं वाकून तिथं बोट टेकवलं.

फरशी ओली होती. आणि कोमट.