काळ्या बाडाचं त्रेचाळिसावं पान

"आत्या, एकच सांग. धुरानं माणूस आंधळा होतो का?"

सकाळी सकाळी फोनवर इन्स्पेक्टर होता. आत्यानं हातातली सुई पानाच्या कडेला खोचून ठेवली.

"धूर कशाचा, त्यावर आहे. तुझ्या वडिलांच्या विड्यांनी घरातले सगळे डोळे चोळायचे, पण आंधळं कुणी झालं नाही. झालंय काय?"

"जुन्या बाडांचे ते मालक गं. काल मंत्राच्या बाडात बघून काहीतरी पेटवलं. दोन्ही डोळे गेले. पुतण्याला आत टाका म्हणून घसा फोडतायत. वरून मला फोनावर फोन. संध्याकाळपर्यंत अटक दाखवायची आहे."

"आणि पुतण्या काय म्हणतो?"

"रडतोय. मला रडणारे आरोपी आवडत नाहीत, आत्या. एकतर निर्दोष असतात, नाहीतर नट."

"येते. गाडी पाठव. आणि गाडीत तुझं ते केस विंचरायचं सामान असू दे."

"कशाला?"

"तू देखणा दिसायला हवास," म्हणून आत्यानं फोन ठेवला.

आत्यानं हस्तलिखितांच्या ग्रंथालयात चाळीस वर्षं काढली होती. तिथले लोक तिला 'कसर' म्हणायचे. कसर म्हणजे पुस्तकं खाणारी ती चंदेरी कीड. दोघींत फरक एवढाच, की आत्या पान संपवून जागच्या जागी ठेवत असे.

मालकांचं घर म्हणजे खालपासून वरपर्यंत कपाटं. माणसांसाठी उरलेल्या जागेत मालक आरामखुर्चीत बसले होते, डोळ्यांवर जाड पट्टी. दवाखान्यात राहायला त्यांनी नकार दिला होता. दवाखान्यात कपाटं नव्हती.

"कोण? कसरबाई? तुमच्या ग्रंथालयाला माझं एक पान मिळायचं नाही, आधीच सांगतो."

"पान नको, मालक. काल काय केलंत ते सांगा."

"बाडात लिहिलंय ते. त्रेचाळिसावं पान. निखाऱ्यावर काळी मुळी टाकायची, धुरावर तोंड धरायचं आणि पापणी न लववता शंभर मोजायचे. धुरात आपल्या शत्रूचा चेहरा दिसतो."

"दिसला?"

"साठाला डोळ्यांत सुया शिरल्या. तरी मोजत राहिलो. नव्वदाला दिसला. पुतण्या!"

"धुरात?"

"दारात. दार उघडून तोच आत आला ना!"

कोपऱ्यातून हुंदका आला. तिथे तिशीचा पुतण्या उभा होता, हाताला भाजल्याचे फोड. "काका, तुम्ही ओरडलात म्हणून मी आलो. शेगडी मी बाहेर फेकली!"

"पुरावा फेकलास!" मालक गरजले. "मुळी यानंच आणली. संग्रह मी सरकारी संग्रहालयाला देणार म्हटल्यापासून याचं तोंड वाकडं आहे. हे घर, ही कपाटं, काही मिळायचं नाही याला. तुरुंगात सड म्हणावं!"

इन्स्पेक्टर हळू आवाजात आत्याला म्हणाला, "मुळी तपासली. दुकानदारानं दिली तीच आहे, भेसळ नाही. गोठ्यातल्या माश्या पळवायला लोक नेतात. तो म्हणतो, घेणाऱ्याला आम्ही नेहमी बजावतो, तोंड झाकून घ्या. पुतण्यालाही सांगितलं होतं."

"मी काकांना सांगितलं!" पुतण्या म्हणाला. "ते म्हणाले, किराणावाल्याचं ऐकू की बाडाचं?"

आत्यानं मान हलवली. बाडात लिहिलेलं सोडून दुकानदाराचं ऐकेल असा संग्राहक तिनं चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

"मालक, वाचलंत कशातून? मूळ बाडातून?"

"मूळ बाड धुरात न्यायला मी वेडा आहे? धुरानं कागद खराब होतो. शिवाय मूळचं दाट अक्षर मला लागतही नाही. नकलेतून वाचलं. त्यासाठीच करून घेतली."

कागदाला जपून डोळे पुढे करणारा हा शहाणा माणूस.

दोन्ही बाडं टेबलावर होती. तिनं मूळ बाड उघडलं. प्रत्येक पानावर सतरा ओळी, दाट, घट्ट. मध्ये मध्ये किडीची भोकं. बेचाळीस नंबरच्या पानानंतर एकदम पंचेचाळीस. मधलं, पाठपोट त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं पान पात्यानं कापून नेलेलं. काप पांढराशुभ्र, ताजा.

"पुतण्यानंच!" मालक म्हणाले. "महिन्यापूर्वी पान जागेवर होतं."

बेचाळिसाव्या पानावर मूळ मजकुराच्या मधून मधून फिकट डाग होते, कुणी शाईचे हात पुसावेत तसे. आत्या त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिनं नक्कल घेतली. सुंदर, गोल, ठाशीव अक्षर. मूळ बाडात जिथे भोक, तिथे नकलेत नेमकी तेवढीच कोरी जागा. पानाला पान, ओळीला ओळ. फक्त त्रेचाळिसाव्या पानावर अक्षरं जरा ऐसपैस बसली होती, पाहुणे कमी आलेल्या पंगतीसारखी.

"नक्कल कुणी केली?"

"मी," खिडकीपाशी बसलेली बाई म्हणाली.

चाळिशीची असेल. समोर उतरतं लाकडी मेज, त्यावर दौत. इतक्या गोंधळात तिच्या बोटाला शाईचा एक डागही नव्हता. मालकांकडे वर्षभर रोज येणारी ही नकलनवीस.

"छान काम आहे," आत्या म्हणाली. "भोकांच्या जागा सोडल्यात."

"जे नाही ते मी लिहीत नाही, बाई. नकलनवीसानं स्वतःची अक्कल पाजळू नये."

"आणि पान तिथेच संपवता, जिथे मूळ पान संपतं?"

"या बाडांचा रिवाजच तो. शिष्यानं गुरूच्या बाडावरून स्वतःच्या हातानं उतरवायचं. मंत्र सांगतात तेही 'बाराव्या पानाची सहावी ओळ' असे. पान सरकलं तर मंत्र सरकला. नक्कल पुरी झाली की जुनं बाड जाळायचं, म्हणजे जगात एका वेळी एकच."

"मग हे जुनं कसं उरलं?"

"पुढे शिष्य मिळाला नसेल." तिनं लेखणी पुसली. "बाई, मालकांचे दोन्ही डोळे गेले का? की एखादा राहील?"

"डॉक्टर म्हणतात, दोन्ही."

"वाचता नाही यायचं?"

"नाही."

"अरेरे," नकलनवीस म्हणाली आणि लेखणी पुन्हा पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

आत्यानं हात पुढे केला. "सोन्या, आरसा दे."

इन्स्पेक्टरसाहेबांनी चारचौघांत 'सोन्या' ऐकून घेतलं आणि विंचरायच्या सामानातला छोटा घडीचा आरसा खिशातून काढला. मिशा जपणाऱ्या माणसाकडे आरसा असतोच. आत्यानं तो बेचाळिसाव्या पानाशेजारी उभा धरला आणि भिंगातून आरशात बघत बसली. एकदा खिडकीकडे वळली, एकदा पान तिरपं केलं. मग नकलेचं त्रेचाळिसावं पान घेऊन अक्षरं मोजायला लागली.

अर्धा तास गेला. मालक तीनदा ओरडले. पुतण्या एकदा खाली बसला. शेवटी आत्यानं आरसा मिटला.

"पुतण्याला सोड. या घरात कुणी विष घातलं नाही आणि मुळी बदलली नाही. एक ओळ काढली, बस्स."

"कुठली ओळ?" मालकांनी विचारलं.

"या डागांना लोक डाग म्हणतात. बाड मिटून वर्षानुवर्षं पडलं, दमट हवा लागली, की एका पानाची शाई समोरच्या पानाला चिकटते. उलटी. त्रेचाळिसावं पान कापून नेलं, पण त्याची सावली बेचाळिसाव्यावर राहिली. आरशात ती सुलटी झाली. सगळी नाही वाचता येत, पण नववी ओळ येते. 'ओलं कापड तिहेरी करून डोळ्यांवर बांधावं, न बांधेल त्याची दृष्टी जाईल.' नकलेत ही ओळ नाही."

इन्स्पेक्टर नकलेच्या पानावर वाकला.

"गळली असेल," नकलनवीस शांतपणे म्हणाली. "हजारो ओळी उतरवते मी. माणसाची नजर चुकते."

"चुकते ना. मी चाळीस वर्षं असल्या चुकाच वाचल्या. ओळ चुकून गळली की काय होतं? पान संपतं तेव्हा खाली एक ओळ मोकळी राहते. नकलनवीस तिथे येऊन कपाळावर हात मारतो. म्हणजे पानाच्या तळाशी पोचेपर्यंत त्याला पत्ताच नसतो." आत्यानं पान उचललं. "इथे तळ भरलेला आहे. सतराच्या सतरा ओळी. कारण सोळा ओळींचा मजकूर सतरा ओळींत पसरलाय. प्रत्येक ओळीत दीड-दोन अक्षरं कमी. आणि कुठपासून? पहिल्या ओळीपासून! नववी ओळ गळणार आहे हे तुम्हाला पहिलीच ओळ लिहिताना माहीत होतं."

इन्स्पेक्टरनं शीळ घातली आणि लगेच गंभीर झाला.

"खाली एक ओळ कोरी सोडली असतीत तर मीच सगळ्यांना सांगितलं असतं, बिचारीची नजर चुकली. पण तुम्हाला ते जमेना. पान अर्धवट दिसलं असतं."

नकलनवीस पहिल्यांदाच हसली. "घाणेरडं दिसलं असतं, बाई."

"पण का?" इन्स्पेक्टरनं विचारलं. "आणि कापलेलं पान कुठंय?"

"जिला कोरी ओळ सहन होत नाही, ती पान जाळेल? बघ तिच्या मेजाच्या फळीखाली."

फळीला खालून पातळ कापड चिकटवलेलं होतं. त्याच्या आत ते पान निघालं, एकही घडी न पडलेलं.

"पणज्याचं अक्षर आहे," नकलनवीस म्हणाली. "हात धजावला नाही."

"कुणाच्या पणज्याचं?" मालक खुर्चीत सरळ झाले. "कोण आहेस तू?"

उत्तर आत्यानं दिलं. "अक्षरही नकलेसारखंच असतं, मालक. एका हातातून दुसऱ्या हातात उतरतं. असं गोल अक्षर मी एकाच माणसाचं पाहिलं होतं. आम्ही त्याला मोतीराव म्हणायचो. वीस वर्षांपूर्वी कोर्टात उभा होता, तुमच्यासमोर. त्याचं म्हणणं होतं, बाड माझ्या घराण्याचं, मालकांनी आठ दिवस बघायला म्हणून नेलं. तुमचं म्हणणं होतं, हा माझा पगारी नकलनवीस, माझ्याच बाडावर डल्ला मारतोय. कोर्टानं मला विचारलं होतं, अक्षरावरून मालक सांगता येईल का? मी म्हणाले, नाही." ती थांबली. "खरं होतं ते. पण बाडातल्या अक्षराचं वळण मोतीरावाच्या हातात उतरलंय, हे मला दिसत होतं. ते विचारतील म्हणून मी वाट बघत बसले, आणि कुणी विचारलं नाही. आपणहून बोलायला कुणी बंदी केली नव्हती."

"बाबांना तेव्हा दिसायचं कमी झालं होतं," नकलनवीस म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "यांच्याच तळघरात दिव्यावर लिहून लिहून. कोर्टाच्या पायऱ्यांवर बाबांनी यांचे पाय धरले. मी धरून उभी होते त्यांना. हे म्हणाले, 'आंधळ्याला बाड कशाला?' आणि बरोबरची माणसं हसली. बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. रोज मला अक्षर गिरवायला बसवायचे आणि ओल्या शाईवरून बोट फिरवून बघायचे, नीट आलं का. मी वीस वर्षं अक्षर कमावलं, मालक. तुम्ही मला कामावर घ्यावं इतकं चांगलं."

"मी तुला ओळखलंही नाही..." मालक पुटपुटले.

"तेव्हा बघितलं कुठे होतंत माझ्याकडे? आणि काल धुरात बघत होतात, तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. शंभरपर्यंत मीही मोजत होते."

"पश्चात्ताप?" इन्स्पेक्टरनं विचारलं. त्याला वहीत लिहायचं होतं.

"पुतण्याचं वाईट वाटलं. त्याला शिक्षा लागली असती तर बोलले असते." तिनं जरा विचार केला. "बहुतेक."

पुतण्या पुन्हा रडायला लागला. या वेळी इन्स्पेक्टरनं त्याला रुमाल दिला.

पंचनामा झाला. मूळ बाडातलं कापलेलं पान पाकिटात गेलं. नकलेतलं त्रेचाळिसावं पान आत्यानं टाका उसवून मोकळं केलं आणि तेही पाकिटात गेलं. आता दोन्ही बाडांत तेच एक पान नव्हतं. दोन्हींचं कातडं काळं, दोन्हींचा कागद जुना. नकलेसाठी तो मालकांनीच शोधून आणवला होता.

"माझं बाड!" मालक हात पसरून म्हणाले. "माझं बाड माझ्या हातात द्या."

पुतण्यानं घाईघाईत दोन्ही उचलून काकांच्या मांडीवर ठेवली. मालकांची बोटं एका कातड्यावरून दुसऱ्यावर फिरली. पुन्हा पहिल्यावर आली. कडा चाचपल्या, पानं चाळली, एक उचलून नाकाला लावलं, मग दुसरं.

"यातलं... यातलं अस्सल कुठलं?"

पुतण्यानं आत्याकडे बघितलं.

"अरे सांगा ना कुणीतरी!"

दाराशी पोचलेली नकलनवीस थांबली. तिच्या दोन्ही बाजूंना शिपाई होते.

"डाव्या हाताला आहे ते, मालक," ती म्हणाली.

आत्यानं डाव्या बाडाच्या उघड्या पानाकडे बघितलं. त्याच्या भोकांच्या जागी भोकं नव्हती, कोऱ्या जागा होत्या. इन्स्पेक्टरनंही बघितलं आणि तोंड उघडलं. आत्यानं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की लहानपणानंतर त्यानं पहिल्यांदाच तो निमूट सोसला.

"उजवं जप्त कर," ती त्याच्या कानात म्हणाली. "आणि वीस वर्षांपूर्वीची मोतीरावाची तक्रार शोधून काढ. या खेपेला कोर्टानं विचारायची वाट मी बघणार नाही."

इन्स्पेक्टरनं उजवं बाड उचलून फडक्यात बांधलं. मालकांनी ते नेऊ दिलं. त्यांनी डावं छातीशी घट्ट धरलं होतं, त्यावर गाल टेकवला होता.

"अस्सल ते अस्सल," ते म्हणाले. "हाताला लगेच कळतं."