टेकडीपलीकडे अडकणारं विमान

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगून टाकतो. भर दुपारी घडली. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, शेजारी मिक्सर घरघरत असताना. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं. ज्याच्यासमोर घडली तो माझा सख्खा मेव्हणा आहे. त्याला बाजारातून काय आणलं हेसुद्धा धड सांगता येत नाही, तो गोष्ट काय रचणार!

मेव्हण्याचा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. त्यातही त्याची खासियत म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर. घरबसल्या विमान उडवायचं, अगदी खऱ्यासारखं. त्याला खेळ म्हटलं की मेव्हण्याला राग येतो. त्या विमानाचं चित्र स्क्रीनवर अडखळायला लागलं की लोक याला बोलावतात. आणि अडखळणारं चित्र दिसलं की याच्या डोक्यात तिडीक जाते. जेवण सोडेल, पण सेटिंग सोडणार नाही. माझी बहीण रोज कपाळाला हात लावते.

त्या दुपारी फोन आला एका निवृत्त हेडमास्तरांचा. सगळे त्यांना सरच म्हणायचे.

खोलीत पडदे ओढलेले. तीन स्क्रीन, जॉयस्टिक, पायाशी पेडल. मशीन असं तगडं की मेव्हणा हरखूनच गेला.

"कुठे अडकतं, सर?"

"एकाच जागी. टेकडी ओलांडली की."

मग सरांनी सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी विमान चालवायला शिकत होती. एका सकाळी एकटीच घेऊन निघाली. टेकडी ओलांडली आणि इंजिन बंद पडलं. विमान कोसळलं, मुलगी गेली. चौकशीत काय निघालं? समोर मोकळं शेत होतं, सरळ उतरायला हवं होतं. ती विमानतळाकडे परत वळली, म्हणून पडली. चूक तिचीच.

"माझी मुलगी चुकलेली नाही," सर म्हणाले. "तीच उंची, तोच वारा, तेवढंच इंधन... सगळं भरलंय मी यात. तिच्या जागी कुणीही असतं तरी वाचलं नसतं, एवढंच मला डोळ्यांनी बघायचंय. पण हे नेमकं तिथेच गोठतं. परत सुरू होतं तेव्हा विमान जमिनीत घुसलेलं असतं."

मेव्हण्याने बाह्या सरसावल्या.

कॅबिनेट उघडलं, धूळ उडवली, ड्रायव्हर सॉफ्टवेअर नवं टाकलं. हेडफोन चढवून स्वतः उडवायला बसला. टेकडी आली. इंजिन बंद केलं. आणि...

चित्र थांबलं.

ग्राफिक्स कार्ड तापलं असेल म्हणून हात लावला, तर ते गारठलेलं. कॅबिनेटचे पंखेसुद्धा थांबले होते. पंखे कशाला थांबतील?

त्याने सावल्या बंद केल्या. ढग काढले. झाडं काढली, घरं काढली. उरली नुसती करडी जमीन आणि ती टेकडी. एवढं तर भंगारातलं मशीनही ओढेल.

टेकडी आली...

थांबलं.

आणि त्या शांततेत हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास आत घेतला.

सोडला मात्र नाही.

मेव्हण्याने माइक तपासला. माइक जोडलेलाच नव्हता.

तो पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला. तिथे सरांच्या पत्नी, काकू, होत्या. त्यांनी ग्लास दिला आणि हळूच म्हणाल्या, "होत नाही म्हणून सांगून टाका ना त्यांना. थांबतंय तिथे, थांबू दे."

"काकू, मशीनच आहे ते. न व्हायला काय झालं?"

"तुमच्या पाया पडते. राहू दे."

शहाण्या माणसाने बॅग उचलली असती. पण आमचे मेव्हणे! एक डबडं आपल्याला हरवतंय म्हणजे काय! हट्टाला पेटला.

उपाय साधाच होता. मशीन जिवाच्या आकांताने पळत होतं, त्याला लगाम घातला. सेकंदाला तीसच फ्रेम, म्हणजे तीसच चित्रं, त्यावर एकही नाही. पुन्हा उडवलं. टेकडी आली...

थांबलं नाही. लोण्यातून सुरी जावी तसं पुढे गेलं.

"झालं, सर! बसा."

सर बसले. हेडफोन लावले. टेकडी ओलांडली, इंजिन बंद केलं. आयुष्यात खऱ्या विमानाच्या दांड्याला त्यांचा हात लागला नव्हता. ते घाबरून जॉयस्टिक सरळ धरून बसले, एवढंच. समोर शेत आलं. विमान आपटलं, एक चाक मोडलं, घसरत गेलं आणि उभं राहिलं.

आतलं माणूस धडधाकट राहिलं असतं.

"उतरलं," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणजे... उतरत होतं."

मेव्हणा म्हणाला, "सेटिंगमध्ये काही फरक असेल, सर."

"परत लाव."

परत लावलं. टेकडी आली. इंजिन बंद झालं. आणि सरांच्या हातातली जॉयस्टिक...

आपोआप वळली.

सर दोन्ही हातांनी ती ओढत होते. मेव्हण्यानेही जोर लावला. दोन बाप्ये लटकले, पण ती हलेना. विमान मागे वळत होतं, विमानतळाकडे.

"कोण आहे? कोण बोलतंय?" सर ओरडले.

मेव्हण्याने हेडफोनला कान लावला. मुलीचा आवाज होता. घाईत होती, पण शहाण्या मुलीसारखं समजावून सांगत होती.

"शेतात उतरवलं तर चाक मोडेल, बाबा. मग तुम्ही मला घरात घेणार नाही."

स्क्रीनवर जमीन आली.

सरांनी हेडफोन काढले. "चाक मोडेल म्हणते," ते म्हणाले. "मी घरात घेणार नाही म्हणते. असं का म्हणते ती?"

काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"विसरलात? आदल्या आठवड्यात तिच्या हातून चाक वाकलं होतं. त्या सकाळी ती बूट घालत होती, तेव्हा तुम्हीच म्हणालात, पुन्हा विमानाला ओरखडा जरी आला तरी या घरात पाऊल टाकू नकोस. गमतीने नव्हतात म्हणाला."

सरांनी हेडफोन पुन्हा लावले.

"परत लाव," ते म्हणाले.

काकूंनी मेव्हण्याचा हात धरला. "आधीसारखं अडकवून द्या हो." त्याने लगाम काढला. ढग, झाडं, सावल्या, सगळं शेवटच्या टोकाला नेलं. एक पंखा उपटून ठेवला. कार्ड हात भाजेल इतकं तापलं. चित्र तसूभर अडखळलं नाही. असं झकास मशीन त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तो तिथे उभा राहून रडला.

नंतर काकूंनी एकदा प्लगच खेचला. सरांनी तो परत लावला. म्हणाले, "बंद कसं करू? तिचा आवाज आहे तिथे."

आता रोज दुपारी ते बसतात. टेकडी आली की ओरडतात, "मोडू दे चाक! सरळ ये, पोरी, सरळ!" खाली रस्त्यापर्यंत ऐकू येतं. आणि ती रोज तेच उत्तर देते.

मला मात्र एक गोष्ट खाते. इतके दिवस श्वास धरून ते चित्र थांबवणारी तीच असेल, बापाला हे कळू नये म्हणून, तर मग हे रोज बोलतंय ते कोण? मेव्हण्याला विचारलं तर तो उठून बाहेर जातो.

मध्यंतरी काकूंचा त्याला फोन आला. मशीन बिघडलं असेल, असं त्याला वाटलं. सुटलो म्हणाला मनात.

"एक विचारायचं होतं," काकू म्हणाल्या. "त्याला अजून एक हेडफोन जोडता येतो का हो?"

येतो. मेव्हणा जाऊन लावून आला. काकूंनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून सरांच्या शेजारी ठेवली होती. तो दारात चपला घालत होता, तेव्हा आत विमान टेकडीपाशी आलं होतं.

त्या दिवशी सर ओरडले नाहीत. काकू ओरडल्या, "मोडू दे चाक, पोरी!"