बल्ब लागला की सांगा

साल ब्याऐंशी, श्रावणातला सोमवार. घटकेत ऊन, घटकेत सर… आणि कापडे गावाच्या अलीकडच्या चढावर बाबांच्या जीपनं मान टाकली.

बाबा, म्हणजे रामजी मास्तर (मास्तर नुसते नावाला), महाडहून पोलादपूरमार्गे कापड्यापर्यंत प्रवासी न्यायचे. मी कापड्याच्या शाळेत शिकवायचे, म्हणून रोज पुढच्या सीटवर मी आणि मांडीवर वह्यांचा गठ्ठा नि फूटपट्टी. चढाला ओढ यावी म्हणून आदल्या संध्याकाळी बाबांनी स्वतःच इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलवलं होतं. सकाळपासून इंजिन खडखडत होतं. बॅटरी कमजोर, म्हणून ते उतरले, पुढून हँडल घातलं, फिरवलं— आणि हँडल उलटं फिरलं. मनगट मोडल्याचा आवाज मी सीटवरून ऐकला.

माझ्याआधी मागच्या सीटवरचा एक तरुण बाबांपाशी पोचला.

"बाई, ती फूटपट्टी द्या."

"कशाला?"

"द्या तर!"

बाबांच्या हाताखाली माझी लाकडी फूटपट्टी ठेवून त्यानं आपल्या टॉवेलानं हात घट्ट बांधला. समोरून महाडची एस.टी. आली, तिला हात केला.

"ठिणगी लई लवकर पडतेय," बाबांना चढवताना तो म्हणाला. "इंजिनातला दट्ट्या वर येतोय तवर पेटतंय, म्हणून हँडल उलटं मारतं. रविवारी येऊन लावून देतो."

मी घाईघाईत पत्ता सांगितला. एस.टी. सुटल्यावर लक्षात आलं— नाव विचारायचं राहिलंच की!

रविवारी तो खरंच आला. तोवर जीप ट्रकला बांधून घरी आणली होती. नाव येसाजी. शिवथरच्या खोऱ्यातल्या एका वाडीचा. कारखान्यात फिटर, बिरवाडीला खोली घेऊन राहायचा. मुंबईत मामाच्या गॅरेजात चार वर्षं काढलेली.

त्यानं चारही प्लग काढले आणि हँडल माझ्याकडे केलं.

मी मागे सरकले. "याच्यानं बाबांचा हात मोडलाय."

"आता प्लग नाय, दाब नाय. मारणार नाय." मग हळूच, "मी हाय ना इथं."

मी हँडल धरलं. त्यानं माझा अंगठा उचलून बाकीच्या बोटांच्या बाजूला ठेवला. "अंगठा असा. कधी उलटं फिरलंच तर बोटं सुटतात." एवढंच. पण तो अंगठा दिवसभर माझा राहिला नाही.

पुलीवरची खूण तेलानं काळी पडली होती.

"खडू मिळंल?"

"शिक्षिकेच्या घरी खडू विचारता?"

तो हसला. खुणेवर खडू ओढला, मी इंच इंच हँडल फिरवत ती इंजिनावरच्या खुणेसमोर आणली. मग त्यानं बल्बची एक वायर प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या वायरीला आणि दुसरी जीपच्या अंगाला जोडली, बल्ब मडगार्डवर ठेवला आणि स्विच चालू केला.

"मी आत वाकून डिस्ट्रिब्युटर फिरवतो. पॉइंट उघडला की बल्ब लागंल. तिथंच ठिणगी पडते. बल्ब लागला की सांगा. लगेच!"

तो वाकला. मानेवर घामाचा एक थेंब, थेंबाला ऊन… कानामागे ग्रीसचा पट्टा…

"लागला का?"

मी त्या थेंबाकडेच बघत होते.

"बाई, लागला का?"

"अं? हो! लागलाय."

त्यानं डोकं बाहेर काढलं. बल्बकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कधीचा?"

"थोडा वेळ झाला…"

"मग परत लावायला लागंल," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "कितीबी वेळ लागो!"

जीप पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली. तरी पुढच्या रविवारी तो आला, 'एकदा तपासून बघतो' म्हणत. त्याच्या पुढच्या रविवारीही. प्लास्टरातला हात छातीशी धरून बाबा खाटेवरून ओरडले, "रे येसाजी, जीप जागची हललेली नाय, मग टायमिंग हलतंय कसं?"

त्यानंतर मात्र तो आला नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. सायकलची घंटा वाजली की मी दारात. फळ्यावर चुकीची तारीख लिहिली, एकाच मुलाची हजेरी दोनदा घेतली. बाबांचं प्लास्टर निघालं, जीप रस्त्याला लागली, आणि मला काही सुचेना. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता बिरवाडीला गेले.

तो नळावर कपडे धूत होता. मला बघून साबण हातातून सुटला.

"बाई, तुम्ही? जीप बिघडली?"

"जीप उत्तम आहे. तुम्ही का आला नाहीत?"

तो साबण उचलायला वाकला. "आईला सगळं सांगितलं मी… तुमचं नाव, घर. आई म्हणाली, आपण कुणबी, ते बौद्ध, वाडी काय म्हणंल? तवापास्नं ती माझ्याशी बोलत नाय."

"म्हणून तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत?"

"काय तोंडानं येऊ?"

"आणि मला विचारायच्या आधी आईला विचारलंत? माझं उत्तर ठाऊक होतं?"

"नाय ना… म्हणून तर चैन नाय."

"मग विचारा!"

नळ वाहत होता. शेजारच्या दोन बाया हंडे घेऊन थांबल्या होत्या, ऐकत होत्या. त्यानं ओले हात सदऱ्याला पुसले.

"ललिता… माझ्याशी लगीन करशील?"

"करीन," मी म्हटलं, "आणि आधी तो नळ बंद करा."

बाबांनी त्याला समोर बसवून एकच विचारलं. "उद्या माझी पोर तुझ्या घरच्यांनी उंबऱ्याबाहेर उभी केली तर?"

"तर मीबी बाहेरच उभा राहीन," येसाजी म्हणाला.

मार्गशीर्षात आम्ही महाडला लग्न केलं आणि बिरवाडीच्या खोलीत राहू लागलो. सासूबाई आल्या नाहीत. येसाजी दर पंधरवड्याला वाडीवर जायचा, अंगणातूनच बोलून परत यायचा.

शिमगा झाल्यावर एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर तांदळाचं गाठोडं. येसाजी कारखान्यात पाळीवर होता. नाक, हनुवटी येसाजीचीच… कोण ते सांगायची गरजच नव्हती.

त्यांनी गाठोडं उतरवलं, सरळ आत आल्या, भिंतीला टेकून बसल्या.

"ऊन लई हाय," त्या कुणालाच न म्हणता म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसत, "पाणी दे गो, पोरी."

मी तांब्या काठोकाठ भरला. त्यांनी तो माझ्या हातून घेतला, एका दमात संपवला आणि रिकामा तांब्या पुढे केला.

"अजून दे."