पाळी लावणारा कॉम्प्युटर

"शिवप्पा, माझ्या कॉम्प्युटरची मेमरी चोरीला गेली!"

सत्यभामा सोनवणे दारातच धापा टाकत होती. ती उमरग्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. हैदराबादहून सुटे भाग आणून, काड्यापेटीएवढ्या सर्किटच्या पट्ट्यांना स्वतः डाख देऊन तिनं एक छोटा कॉम्प्युटर उभा केला होता. पडदा म्हणून जुना टीव्ही. दुष्काळात गावच्या पाणी सोसायटीच्या विहिरीचं पाणी कुणाला कधी द्यायचं, ते आता हे यंत्र सांगणार होतं. अन् सभासद आत्ता जमत होते!

शिवप्पानं पोलिसातली नोकरी सोडून खासगी तपास सुरू केला होता. त्यानं चपला चढवल्या. त्याचा ट्रकवाला दोस्त गोरोबा मागं धावला.

"शेवटचं कधी चालवलं?" शिवप्पानं चालता चालता विचारलं.

"सकाळी. पडद्यावर सभासदांची नावं आली. सोसायटीच्या कचेरीत तसंच चालू ठेवून मी कॉलेजला गेले. माझ्यामागं लाईट गेली, दुपारी आली. आत्ता परतले तर मेमरीची पट्टी गायब."

"लाईट आल्यावर नावं परत येतात?"

"छे! लाईट गेली की सगळं पुसतं. कॅसेटवरून पुन्हा भरावं लागतं. कॅसेट एकच, ती दिवसभर माझ्या पर्समध्ये होती."

सोसायटीच्या माडीवरच्या कचेरीत गर्दी उसळली होती. रेडिओ दुरुस्त करणारा वीरप्पा कोपऱ्यात घाम पुसत होता.

"म्या चारच्या सुमारास आलतो," तो म्हणाला. "झाकण उघडून बघितलं. कसं केलंय ते कळावं म्हणून! एक जागा रिकामी दिसली. वाटलं, बाईंनीच काढली आसंल."

"ह्यानंच नेली," गोरोबा कुजबुजला. "हत्यारं ह्याच्याकडंच."

सोसायटीचे सचिव बसप्पा खुर्चीत बसले होते. पाळ्या आजवर तेच लावायचे. खांद्याला त्यांचा नेहमीचा ट्रान्झिस्टर.

"अण्णा, तुम्ही कधी आलता?" शिवप्पानं त्यांना विचारलं.

"दुपारी लोहाऱ्याला निघालो. जीप धरायच्या आधी डोकावलो. लाईट होती, पडद्यावर नावं झळकत होती. आत्ताच परतलो बघा."

"म्हंजी तुमच्यानंतर चोरी झाली."

"तेच तर!" बसप्पांनी वीरप्पाकडं पाहिलं.

"आज रेडिओ गप हाय, अण्णा? एरवी लांबनं ऐकू येतो."

"सेल संपले."

शिवप्पा हसला. "मंडळी, उत्तर मिळालं!"

तो यंत्राशेजारी जाऊन उभा राहिला.

"सकाळी बाई गेल्या, लाईट गेली, यंत्राची आठवण पुसली. दुपारी लाईट आली, पण कॅसेट पर्समध्ये. मग पडद्यावर नावं झळकणार कशी? अण्णांना ती दिसणं शक्यच नव्हतं. लाईट होती, तेवढं खरं. म्हणूनच खोटं पचेल असं त्यांना वाटलं. कोरा पडदा त्यांनी पाहिलाच नाही, म्हंजी पट्टी लाईट नसतानाच निघाली होती. ती दुपारपर्यंत जागेवर होती असं भासवलं, की नंतर आलेला वीरप्पा अडकतो."

"पण पट्टी कुठं हाय?" गोरोबा ओरडला.

"काड्यापेटीएवढी वस्तू ठेवायला सेलची जागा बास हाय. अण्णा, रेडिओ द्या."

बसप्पांनी ट्रान्झिस्टर काखेत आवळला. गोरोबानंच मागचं झाकण सरकवलं. आत सेल नव्हते. रुमालात गुंडाळलेली हिरवी पट्टी होती!

"मोडणार न्हवतो," बसप्पा खाली बघत म्हणाले. "आजचा कार्यक्रम फसावा, एवढंच. उद्या गुपचूप बसवणार होतो. माझ्या मनानं पाळी लागायची तवर लोकं दारी यायची..."

"टोकाच्या शेतांना पाणी पोचलं का कधी तुमच्या मनानं?" सत्यभामानं विचारलं. वीरप्पाला "चूक झाली बाबा" एवढंच म्हणून बसप्पा बाकावर सरकले.

सत्यभामानं पट्टी बसवली. कॅसेट किरकिरू लागली. गोरोबा तर पडद्याला नाक लावून उभा राहिला.

पडद्यावर अक्षरं उमटली. इंग्रजी अक्षरं वीरप्पानं मोठ्यानं वाचली, "पहिली पाळी, विठाबाई!"

मागच्या रांगेतली म्हातारी उभी राहिली. "माझी? आवो, माझं रान तर पार टोकाला हाय!"

"म्हणूनच, मावशी. ज्यांना सगळ्यात कमी मिळालं, त्यांचं आधी," सत्यभामा म्हणाली.

विठाबाई आणखी काही ऐकायला थांबलीच नाही. पदर खोचून ती जिना उतरली, अन् खालून तिची हाक आली, "आरं, पाण्याचं बारं धरायला कोण येतंय?"

निम्मी सभा तिच्यामागं पळाली.