दाजी आवाज कमी करायचे

खोटं लिहून मला काय मिळणार? उलट गिऱ्हाईकं पळतील. तरी लिहितोय, कारण दुकानात आत्ता मी एकटा आहे आणि बोलायला कुणी नाही.

रात्र नाही. पाऊस नाही. वीजही गेलेली नाही. भर दुपार आहे, शटर अर्धं वर आहे, आणि समोर टेस्टिंगच्या फळीवर एक स्टीरिओ चालू आहे.

आवाज बावीसवर आहे.

हा आकडा मी मधूनमधून लिहीत राहीन. का, ते कळेल.

मी गाड्यांमध्ये स्टीरिओ बसवतो. माझा एकच हट्ट असतो, गाडीची मूळ वायर कापायची नाही. कपलर वापरायचा. त्याच्या एका बाजूला गाडीचा जुना प्लग बसतो, दुसऱ्या बाजूला नव्या स्टीरिओचा. उद्या गिऱ्हाईक म्हणालं, जुनाच बरा होता, तर कपलर काढायचा, जुना लावायचा. काही झालंच नव्हतं असं.

काही झालंच नव्हतं असं... हे वाक्य मी आता कुणाला ऐकवत नाही.

ताईची गाडी मुळात दाजींची. दाजी म्हणजे ताईचा नवरा. मला ते 'वायरमन' म्हणायचे. त्यांची एक खोड होती. गाडी मागे घ्यायची असो, अरुंद वळण असो, पत्ता शोधायचा असो, आधी हात जायचा स्टीरिओच्या गोल बटणाकडे. आवाज पाचावर.

बंद कधीच नाही. पाच.

ताई चिडवायची, "अहो, दिसत नसेल तर चष्मा लावा. गाण्याचा गळा कशाला दाबताय?"

"आवाज कमी झाला की मला लांबचं दिसतं," दाजी म्हणायचे.

गेल्या वर्षी ते गेले. गाडीत नाही, ऑफिसच्या जिन्यात. हृदय बंद पडलं. मग गाडी ताई चालवायला लागली. तिची नोकरी, मुलीची शाळा, सगळं त्याच गाडीवर.

एक दिवस म्हणाली, "स्टीरिओचा आवाज आपोआप कमी होतो रे कधीकधी."

मी शेजारी बसून चक्कर मारली. मागे भाची. गाणं जोरात. पेट्रोल पंपाच्या अलीकडे एक वळण आहे, तिथे...

बटण फिरलं.

सावकाश. कुणीतरी चिमटीत धरून फिरवावं तसं.

आवाज पाचावर आला. ताईचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. वळणापलीकडे रस्त्यात एक म्हातारा सायकलसकट आडवा पडला होता.

ताईने त्याला उठवलं, कडेला बसवलं. परत येऊन बटण वर फिरवलं. "बघितलंस?"

"झिजलंय बटण," मी म्हणालो. "आख्खा स्टीरिओच बदलू."

झिजलेल्या बटणाने आकडे उड्या मारतात. बटण स्वतः फिरत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण डोकं सोयीचं तेवढंच बघतं.

"राहू दे," ताई म्हणाली.

"मामा, मोठा स्क्रीन बसव ना!" मागून भाची.

दोघांपुढे तिचं काय चालणार? "बरं. पण काही तोडायचं नाहीस. जसं आहे तसं परत लावता आलं पाहिजे."

"कपलर टू कपलर, ताई. एक वायर कापणार नाही."

आवाज बावीस. ठीक आहे.

स्क्रीन छान बसला. जुना स्टीरिओ मी इथे दुकानात आणून फळीवर ठेवला.

पुढच्या आठवड्यात ताई आली ती बंपर फोडून. "खांब दिसला नाही." मग आरसा गेला. मग एका संध्याकाळी गाडी दारात लागली आणि ताई उतरेचना. स्टिअरिंग धरून बसलेली.

"शाळेपाशी एक पोर आडवं आलं. वीतभरावर थांबले रे मी."

मी पाणी दिलं. ते तिने तसंच हातात धरलं.

"याला बटण का नाही?"

"आता बटणं कुठे असतात? नुसतं बोट टेकवायचं."

"कुणाचंही बोट चालतं?"

"हातमोजे असले तर नाही चालत. त्याला अंगातली वीज लागते. जिवंत बोट लागतं," मी हसत म्हणालो.

ताई हसली नाही.

तिने स्क्रीनच्या चौकटीवर, खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. पूर्वी बटण असायचं तिथे. मी वाकून पाहिलं...

कोरं करकरीत प्लास्टिक. त्यावर घासल्याची गोल, पांढरट खूण. बोटांनी पुन्हापुन्हा चाचपल्यासारखी.

"जुना लाव," ताई म्हणाली. "आत्ता."

लावला. स्क्रीन चौकटीसकट काढून या फळीवर ठेवला, कपलर काढला, मूळ प्लग टक्कन बसला. तेच स्क्रू, तेच बटण. आम्ही निघालो. तेच वळण घेतलं. ताई मुद्दाम अरुंद बोळात शिरली, मुद्दाम गाडी मागे घेत राहिली.

काही नाही.

गाणं आपलं वाजत होतं.

"तू म्हणाला होतास ना," ताईचा आवाज फुटला, "जसं होतं तसं?"

मी एकेक वायर तपासली. सगळं जसं होतं तसंच होतं. तेच तर.

दोन दिवसांनी मी इथे काम करत होतो. या फळीवर दुसरा एक स्टीरिओ चालू होता. आणि एकाएकी...

त्याचं बटण फिरलं. पाच.

हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि काही न सुचून ताईला फोन लावला. तिने उचलला. आधी करकचून ब्रेक ऐकू आले, मग ताई.

"अरे, गाडी चालवतेय मी! तुझा फोन शोधायला गेले आणि ट्रक दिसलाच नाही!"

वाचली. पण ती काय म्हणाली ते पुन्हा एकदा वाचा.

फळीवरचा तो स्टीरिओ मी तिच्या गाडीत बसवून पाहिला. तिथे त्याचं बटण हललं नाही. फळीवर वेगळा लावला, त्याचं फिरलं. म्हणजे स्टीरिओचा प्रश्नच नव्हता.

दाजी इथे राहिलेत. त्या स्क्रीनबरोबर मीच उचलून आणलं त्यांना. आणि परत पाठवायचा कपलर माझ्याकडे नाही.

ताईला सांगितलं. आज ती आली. फळीसमोर स्टुलावर बसली, बटणाकडे बघत. "अहो," एकदाच म्हणाली.

बटण हललं नाही.

कसं हलेल? ती इथे होती, स्टुलावर. तिला धोका कसला?

"गाडी विकून टाक, ताई. बसने जा."

"आणि ते परत आले तर? बसतील कुठे?"

मग घड्याळ बघून उठली. "निघते. शाळा सुटेल."

ती नुकतीच गेलीय.

आवाज बावीस.

हे मी फोनवरच लिहितोय. तिचा नंबर सगळ्यात वर आहे.

एकवीस.

थांबा...

सतरा. मी बटण धरलंय. वर फिरवतोय. फिरत नाही. पलीकडून कुणीतरी माझ्यापेक्षा घट्ट धरलंय.

लावू का फोन? लावला तर ती पर्समध्ये हात घालणार. नाही लावला तर...

अकरा.

दाजी, काय दिसतंय तुम्हाला?

सात.

दाजी, कुठल्या रस्त्यावर?

पाच.

इथे थांबतात ते. नेहमी इथेच थांबतात.

चार.