एका भुवईचा कान्हू आणि काकांचा दिवा

"आधी तो दिवा बाहेर काढा!"

दारातून ओरडणाऱ्या माणसाकडं शांतीनं मान वर करून पाहिलं, आणि आलेलं हसू तिनं पदराआड गिळलं. त्याला एकच भुवई होती. डावी. उजवीच्या जागी नुसतं गुळगुळीत कपाळ.

हसायची ती जागाच नव्हती. समोर काचेच्या थंड पेटीत गुणाजीकाका झोपले होते, कायमचे. मुलगा दत्तू मस्कतहून येईपर्यंत त्यांना ठेवायचं, म्हणून ही पेटी पेणहून भाड्यानं आणलेली. हायवेच्या खड्ड्यांतून खांब गावापर्यंत येतानाच ती अर्धमेली झाली होती. दुपारी तिनंही प्राण सोडला. हा रामवाडीचा कान्हू ती दुरुस्त करायला आलेला.

काकांच्या उशाशी दिवा तेवत होता. तो राखायचं काम शांतीचं. दोन सोयरिकी मोडल्यापासून गाव तिला पांढऱ्या पायाची म्हणे. आईबाप गेल्यावर तिला वाढवणारे काका तेवढे म्हणत नसत. आता हा दिवा विझला, की त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

"मयताचा दिवा हलवत नाय," काकांच्या पत्नी बायजाकाकू रडणं थांबवून म्हणाल्या.

कान्हूनं गॅस हुंगायचं यंत्र जमिनीलगत धरलं. ते किंचाळायला लागलं.

"काकू, पेटीतला गॅस गळतोय. वास नाय ह्याला, पण शेगडीच्या गॅससारखा पेटतो. जड हाय, खाली साचतो... दिव्यापाशीच. हलवला नाय, तर आपल्या सगळ्यांना इथंच अग्नी मिळंल. स्मशानाचा हेलपाटा वाचंल!"

हे शेजारच्या काळुरामभाऊंना एकदम पटलं. "मग पंखा लावतो, जाईल गॅस!" म्हणत ते बटणाकडं धावले. कान्हूनं त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"बटणाची ठिणगी पण पुरते, भाऊ! दारं-खिडक्या उघडा नि बाहेर व्हा. मेन स्विच मी ओट्यावरनं पाडतो."

कुणी हलेना. मग शांतीच उठली. तिनं दिवा ओंजळीत धरला आणि निघाली, तशी बाकीचीही तिच्यामागं बाहेर पडली.

"शांते, ठेव गो!" काकू ओरडल्या.

ती पायरीवर टेकली.

"तिथं नको!" कान्हू ओट्यावरनं ओरडला. "गॅस उंबरा उतरून तिथंच येतोय."

ती तुळशीपाशी गेली.

"अजून पुढं."

ती फाटकाबाहेर गेली. खाडीकडून वारं सुटलेलं, ज्योत लपलपत होती.

"अजून किती लांब?" ती वैतागली.

"असंच चालत राहिलात तर आमची रामवाडी लागंल."

"मयताच्या घरी असं बोलतात होय?"

"चुकलं..." तो म्हणाला. पण उरलेली भुवई वर गेली होती.

यंत्र गप्प झाल्यावर माणसं आत शिरली. पेटीतल्या गॅसच्या नळीचा सांधा तुटलेला. आगीनं जोडायचं काम इथं करणार नाय, पेटी गॅरेजातच न्यावी लागंल, म्हणून कान्हू अडून बसला. मग काकांचं काय? नाक्यावरच्या मासळीवालीकडं बर्फ होता. गळ्यात माळ घालून जन्मभर मासळीला न शिवलेले गुणाजीकाका शेवटी बोंबलाच्या बर्फावर विसावले. गावातली मांजरं ओट्यावर जमली. माणसांपेक्षा तीच जास्त मनापासून रडत होती.

पेटी टेम्पोत चढवून कान्हू फाटकाशी आला. वाऱ्यापासून जपायला शांतीनं दिवा अगदी तोंडाजवळ धरला होता.

"भुवई... कुठं गेली?" तिनं हळूच विचारलं.

"नागोठण्याला. आइस्क्रीमचा फ्रीज होता. जुन्या फ्रीजांतला गॅस पेटत नसे, त्याच सवयीनं गेलो. नळीतला गॅस पुरता काढला नाय नि जोडायला आग लावली."

"दुखलं?"

"तेव्हा नाय. नंतर, पोरगी बघायला गेलो तेव्हा. पोरीच्या आजीनं मला बघून मीठमोहऱ्याच उतरवल्या. माझ्यावरनं नाय... पोरीवरनं!"

शांतीला हसू फुटलं. किती दिवसांचं कोंडलेलं, फस्सकन. आणि त्या फुंकरीनं दिवा विझला.

धुराची एक बारीक रेघ दोघांमधून वर गेली. तेवढ्यात बायजाकाकू तेलाची बुधली घेऊन फाटकाशी पोचल्या, मागं काळुरामभाऊ.

"दिवा?"

"मी विझवला," कान्हू पटकन म्हणाला. "गॅस इथवर आला होता."

काळुरामभाऊंनी त्याच्या कानाखाली आवाज काढला. मघाशी मारलेल्या मिठीची ही परतफेड. कान्हूनं नुसता गाल चोळला. शांतीनं त्याच्याकडं पाहिलं. ती गप्प राहिली असती तर निभावलं असतं.

"त्यांनी नाय, काकू," ती म्हणाली. "मी हसले. माझ्याच फुंकरीनं विझला."

मांजरंसुद्धा गप्प झाली.

"काका मेल्यावर हसलीस?" काकूंचा आवाज थंड होता. "गाव खोटं नाय बोलत."

त्यांनी कमरेची काडेपेटी काढली.

"थांबा," कान्हू म्हणाला. खाली वाकून शांतीच्या पावलांपाशी त्यानं यंत्र धरलं. ते गप्प होतं. "इथं कायबी वाईट नाय, काकू. यंत्र सांगतंय. लावा आता."

संध्याकाळी दत्तू आला, काकांना अग्नी दिला. त्यानंतर घरात शांतीशी कुणी बोलेना.

बाराव्याला कान्हू आला. पेटी नाही, यंत्र नाही. उजव्या डोळ्यावर चार केस उगवलेले. तो फाटकाबाहेरच थांबला.

"आत या की," शांती म्हणाली.

"नको. आत दिवा असंल अजून. मी आलो की तुम्ही हसणार, नि मग..."

शांतीनं एकदा मागं वळून घराकडं पाहिलं. मग फाटक उघडून तीच बाहेर आली.

"किती लांब म्हणालात रामवाडी?"